यंत्राचें चुकतें कोठें?

तळवडे येथें संगणकाचें काम करणाऱ्या कंपन्यांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत, व आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे पालक तेथें कामास जातात. साहजिकच मुलेंही आतां घरीं लहान लहान आज्ञावली लिहूं लागलीं आहेत. आज्ञावली म्हणजे यंत्रानें क्रमानें करावयाच्या कामांची लेखी यादी. ती फसली म्हणजे विद्यार्थी हिरमुसून म्हणतो, “यंत्र बिघडलें!” बहुधा तें बिघडलेलें नसतें.

एका विद्यार्थ्यानें स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांसाठीं नांवगांवाच्या चिठ्ठ्या छापण्याचें काम पायथॉन भाषेंतील आज्ञावलीवर सोंपविलें. गांवाच्या नांवास त्यानें चार अक्षरांची जागा ठेविली. ‘तळवडे’ ह्यांत अक्षरें चारच. छापून आलें ‘तळवड’! त्यानें घाबरून एकदम दहा ओळी बदलल्या, तों होतें तेंही बिघडलें. (नवशिक्यांची ही खोड आम्हांस चांगली परिचयाची आहे, आम्हींही ती केलेली आहे.) शेवटीं सर्व बदल मागें घेऊन त्यानें एकच नांव यंत्रास दिलें व त्याची लांबी विचारली. उत्तर आलें, ५. तेव्हां उलगडा झाला. यंत्राच्या हिशेबीं ‘ड’ हें एक चिन्ह व त्यावरील मात्रा हें दुसरें. युनिकोड ह्या जागतिक संकेतांतील देवनागरीची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ ह्या भारतीय संकेतावर बेतलेली आहे, व त्यांतही मात्रा वेगळीच मोजिली जाते. यूटीएफ-८ पद्धतीनें साठवितांना ह्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे एकाच गांवाचीं अक्षरें ४, चिन्हें ५ आणि बाइट १५. तिन्ही मोजण्या खऱ्या!

आज्ञावली अडली असतां पडद्यावर येणारा इंग्रजी मजकूर मुलें न वाचतांच पुसून टाकतात. पायथॉनमध्यें त्याची शेवटची ओळ आधीं वाचावी. चुकीचा प्रकार तेथेंच लिहिलेला असतो. ओळीचा क्रमांक मात्र यंत्र जेथें अडलें तेथील असतो. मूळ दोष पुष्कळदां त्याच्या वरच्या ओळींत सांपडतो.

परंतु सर्वांत वाईट चूक ती, जी कांहींच बोलत नाहीं. हजेरीचे क्रमांक मजकूर म्हणून वाचिले गेले, तर ते १, १०, ११, २ असे लागतात. शेजारच्या रकान्यांत गुण मूळ क्रमानेंच मांडिले, कीं दुसऱ्या मुलाचे गुण दहाव्याच्या नांवावर! पडद्यावर तक्रार नाहीं, कागद स्वच्छ, आणि एखादें मूल विनाकारण नापास. म्हणून क्रमांकांचें आधीं संख्येंत रूपांतर करावें, प्रत्येक मुलाचे गुण त्याच्या क्रमांकाशीं बांधून ठेवावे, मूळ फाइलीची प्रत निराळी ठेवावी, व आज्ञावली प्रथम दहाहून अधिक क्रमांकांच्या लहानशा यादीवर चालवून उत्तर हातानें पडताळावें. केवळ पहिल्या तीन नांवांवर तपासलें तर ही चूक दिसणारच नाहीं, कारण ती दहाव्या क्रमांकापासून सुरू होते.

त्या विद्यार्थ्यानें पुढें अक्षरें कापणेंच सोडून दिलें. लांब नांव आलें म्हणजे आतां त्याची आज्ञावली टंक बारीक करिते.