विसाव्या अक्षवृत्तावरचे नाशिक

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेतील एकाच स्थलनिर्देशक पत्रकात संपूर्ण नाशिक शहर सापडत नाही, कारण २० अंश उत्तर अक्षवृत्त या शहरातूनच जाते, आणि त्यामुळे पंचवटी व रामकुंड ४६ एच/१६ या पत्रकात, तर नाशिकरोड व देवळाली दक्षिणेकडील ४७ ई/१३ मध्ये पडतात.

ही वाटणी कोणा अंमलदाराच्या मर्जीने झालेली नाही. प्रथम चार-चार अंशांचे क्रमांकित खंड, त्यातील एकेका अंशाच्या सोळा चौकटींना इंग्रजी अक्षरे आणि अशा प्रत्येक चौकटीत पंधरा-पंधरा मिनिटांची सोळा पत्रके, असा तो क्रम असून, त्यात ४६ व ४७ या खंडांची सीमा नेमकी विसाव्या अंशावर येते. आपल्या जुन्या दस्तऐवजांत जमिनीची ओळख चतुःसीमेने पटवीत: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा. शेजारी बदलला किंवा ओढ्याने पात्र सोडले, की तंटा उभा राहिलाच! नकाशाच्या जाळीला अशा कोणाच्या साक्षीची गरज नसते, आणि माझ्या मते हाच तिचा श्रेष्ठ गुण होय.

मात्र अक्षांश-रेखांशांच्या वृत्तजाळीत एक अडचण आहे. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकवटत जात असल्याने पंधरा मिनिटांचे पत्रक नाशिकपाशी सुमारे २६ किलोमीटर रुंदीचा प्रदेश दाखविते, तर काश्मीरच्या उत्तर भागात तीच रुंदी २३ किलोमीटरांच्या आसपास उतरते. अर्थात अंशांवरून अंतर काढणे सामान्य माणसास दुर्घट होते. म्हणून नकाशावर मीटरांची चौरस जाळी टाकतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार नागरी उपयोगाच्या नकाशांसाठी जी पद्धत स्वीकारली गेली, तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे कल्पिलेले आहेत. नाशिक ४३ व्या पट्ट्यात येते. त्याच्या ७५ अंशांवरील मध्यरेषेस ५,००,००० मीटर हे मूल्य दिलेले असल्याने पश्चिमेकडेही ऋण संख्या येत नाहीत, आणि नाशिकचे स्थान पूर्वेकडील मापात सुमारे ३,७३,००० व विषुववृत्तापासून उत्तरेस सुमारे २२,१२,००० मीटर असे मिळते. या रेषा एका पत्रकावरून दुसऱ्यावर अखंड जातात, त्यामुळे रामकुंड आणि नाशिकरोड स्थानक यांतील सरळ अंतर पत्रके न जोडताही केवळ अंकांवरून काढता येते.

पहिल्या महायुद्धात दृष्टीआडच्या लक्ष्याचे स्थान अंकांत सांगण्याची निकड तोफखान्याला भासली, आणि अशा जाळीचा सैनिकी नकाशांवर मोठा प्रसार झाला. देवळालीच्या तोफखाना विद्यालयात शिकणाऱ्या जवानालाही ही अंकभाषा आत्मसात करावीच लागते. १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर दोन सेंटिमीटरांचा चौरस म्हणजे एक किलोमीटर. आधी डावीकडील उभ्या रेषेचे दोन अंक घ्यावेत आणि तिच्यापुढील अंतराचे मनाने दहा भाग कल्पून तिसरा अंक जोडावा. मग खालच्या आडव्या रेषेवरून तसेच तीन अंक घ्यावेत. या सहा अंकांनी शंभर मीटरांच्या चौरसापर्यंत पोहोचता येते.