लाल थेंबाचा माग

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. मिशिगनमध्ये बर्फ वितळून रस्त्यांवरचं मीठ पावसाने धुऊन गेलं, की इथले जुन्या गाड्यांचे शौकीन आपापल्या गॅरेजमधली ताडपत्री उचलतात. मीही उचलली. खाली माझी १९७२ सालची कॉर्वेट होती आणि तिच्या पोटाखाली, सिमेंटच्या जमिनीवर, ताटाएवढा लाल डाग.

दारातून काठी टेकत हिने विचारलं, "अहो, हे रक्तासारखं काय सांडलंय?"

"रक्तच आहे," मी म्हटलं, "गाडीचं."

विनोद करायला करून गेलो, पण पोटात गोळा आला. त्याचं कारण असं. २०२२ च्या फेब्रुवारीत ही दारासमोरच्या बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया, मग दुसरी शस्त्रक्रिया, मग महिनोन्‌महिने व्यायाम. त्या दोन उन्हाळ्यांत गाडीला हात लावायला सवड नव्हती आणि मनही नव्हतं. गाडी उभी ती उभीच राहिली. आता २०२४ उजाडलं होतं आणि हिनेच एक दिवस जाहीर केलं होतं, "यंदा ऑगस्टात मी वुडवर्डला येणार."

वुडवर्ड अव्हेन्यू हा डेट्रॉइटमधून निघून वायव्येला जाणारा रस्ता. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. जत्राच म्हणायची, कारण पालखीला यावीत तशी माणसं दुतर्फा खुर्च्या टाकून बसतात आणि मधून हजारो गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. १९९६ मध्ये ही गाडी मी जुनीच विकत घेतली. त्यानंतर आम्ही बहुतेक दर वर्षी त्या रांगेत असायचो.

गाडीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. कॉर्वेट १९५३ साली जन्मली, याच मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या. सगळ्या पांढऱ्या आणि सगळ्या ऑटोमॅटिक. 'ऑटोमॅटिक गिअर म्हणजे काय स्पोर्ट्‌स कार!' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हे आवर्जून ऐकवतो. माझ्या गाडीतली ऑटोमॅटिक पेटी 'टर्बो हायड्रामॅटिक ४००' या नावाची. कॉर्वेटमध्ये ती १९६८ पासून बसू लागली. तिच्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचची थाळी नसते, तेल असतं. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक सुरू केला, की त्याच्या वाऱ्याने दुसरा आपोआप फिरू लागेल. वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा, की झाला 'टॉर्क कन्व्हर्टर'. म्हणजे हे तेल नुसतं वंगण नव्हे. ताकद वाहून नेणारं, क्लच दाबणारं, गिअर बदलणारं तेच. ते संपलं, की इंजिन कितीही ओरडो, गाडी जागची हलत नाही.

तेलाचा लाल रंग मुद्दाम दिलेला असतो, गळती ओळखता यावी म्हणून. जमिनीवरचा डाग तपकिरी-काळा असेल तर इंजिनचं तेल, लाल असेल तर गिअरपेटीचं, हिरवट असेल तर रेडिएटरचं पाणी, आणि काहीच रंग नसेल तर एअरकंडिशनरमधून ठिबकलेलं साधं पाणी. आणखी एक गोष्ट ऐकून वाचक चकित होतील. साठीच्या दशकात या तेलात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत असत. घर्षण आणि उष्णता दोन्हींत ते टिकून राही. १९७० साली अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला आणि पुढच्या काही वर्षांत तेल कंपन्यांना दुसरे पर्याय शोधणं भाग पडलं. माझी गाडी त्याच संधिकाळातली.

असो. डाग लाल होता, म्हणजे रोगाचं नाव कळलं होतं. जागा कळली नव्हती. गाडी हळूहळू चालवत एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने खालून बॅटरीचा झोत टाकला, मान हलवली आणि सांगितलं, "पुढचं सील गेलंय. पेटी उतरवावी लागेल. उतरवलीच आहे तर सगळी खोलून नवी करू." आकडा तीन हजार डॉलरच्या वर होता. त्याला दोष देत नाही. पुढचं सील खरोखर जातं आणि ते बदलायला पेटी उतरवावीच लागते. पण त्याने एक मिनिटभर पाहिलं होतं आणि सगळं बूड तेलाने माखलेलं होतं.

मी घरी परतलो आणि त्याच्याहून मोठी चूक केली. पेटीच्या तळाशी परातीसारखं एक पत्र्याचं भांडं असतं, तेरा बोल्टनी आवळलेलं. त्याच्या कडेला थेंब लोंबत होता. म्हणजे गॅस्केट गेलं, असं ठरवून मी ते बदललं आणि आता गळशील कशी बघतो, म्हणत तेराही बोल्ट दात-ओठ खाऊन आवळले. आठ दिवसांनी डाग ताटाचा परात झाला.

तेव्हा मला अण्णा आठवले. आमचे वडील एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये होते. शाळेला सुट्टी असली, की कधीमधी मला बरोबर नेत. गळकी बस आली, की नवशिके कामगार थेंब पडतो तिथे पाना लावायचे. अण्णा ओरडायचे, "अरे, तेल खाली पडतं, खाली जन्मत नाही! आधी धुऊन काढ, मग वर बघ." मी अमेरिकेत जवळजवळ सारी नोकरी मोटारींच्या धंद्यात काढली, पण आयुष्यभर सीट बेल्टची बकलं आखली. वडिलांनी दहाव्या वर्षी शिकवलेला धडा बहात्तराव्या वर्षी विसरलो होतो.

मग धडा पहिल्यापासून गिरवला. गाडी उचलून चारही बाजूंना स्टँड लावले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, हाही अण्णांचाच नियम. गिअरपेटी डिग्रीझरने धुतली, पुसली, सुकवली, कुठे एक लाल रेघ उरू दिली नाही. मग तिच्यावर टाल्कम पावडर मारली. हो, तीच, अंगाला लावायची. पांढऱ्या पावडरीवर तेलाचा ओघळ असा उठून दिसतो, की चष्मासुद्धा लागत नाही. खाली कोरा पुठ्ठा अंथरला.

संशयित बरेच होते. मागचा प्रॉपेलर शाफ्ट जिथे आत शिरतो तिथलं सील, स्पीडोमीटरच्या तारेची जागा, तेल थंड करायला रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या, तेल तपासायच्या पट्टीची नळी. शिवाय 'व्हॅक्यूम मॉड्युलेटर' नावाची एक डबी. तिच्या आतला पडदा फाटला, तर इंजिन चक्क नळीतून तेल पिऊन टाकतं. जमिनीवर थेंब नाही, पण मागे पांढरा धूर. तिची नळी उपसून पाहिली. कोरडी होती. एक संशयित सुटला.

इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. पावडर कोरडीच. गाडी चालवून आणली, तरी कोरडी. पुढचं सील गेलं असतं, तर इंजिन चालू असतानाच तेल यायला हवं होतं. मी चक्रावलो. गळती थांबली की काय? पण अंथरुणात शिरलेलं दुखणं आपण होऊन उठत नाही. इंजिन बंद करून गाडी तशीच ठेवली. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पावडरीवर एक लाल रेघ होती. डाव्या अंगाला, गिअरच्या दांड्याचा शाफ्ट जिथे पेटीत शिरतो, त्या भोकापासून निघून भांड्याच्या कडेने खाली आलेली. थेंब भांड्याच्या कोपऱ्यावर लोंबत होता. मी गॅस्केटला फाशी दिली होती, आणि गुन्हेगार त्याच्या वर दोन बोटं बसला होता.

ही गाडी चालताना का गळत नव्हती आणि उभी राहिल्यावरच का गळत होती? इंजिन चालू असताना बरंचसं तेल वर कन्व्हर्टरमध्ये खेळत असतं. म्हणून या पेटीच्या तेलाची पातळी इंजिन चालू ठेवूनच बघायची असते. गाडी दिवसेंदिवस उभी राहिली, की कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू पाझरून खाली भांड्यात उतरतं. भांड्यातली पातळी चढते आणि एरवी तेलाच्या वर असणारं ते शाफ्टचं भोक बुडतं. तिथलं सील नरम असेल तर काही बिघडत नाही. पण दोन वर्षं न हललेल्या शाफ्टभोवती ते रबर वाळून कडक झालं होतं. गाडी चालवल्यामुळे बिघडली नव्हती, उभी ठेवल्यामुळे बिघडली होती.

त्या दिवशी मी हे हिला जेवताना सांगितलं. ही काही बोलली नाही. जेवण झाल्यावर भिंतीला धरून व्यायामाच्या वीस उठाबशा काढल्या. आदल्या आठवड्यात दहाच व्हायच्या.

दुरुस्तीला एक शनिवार पुरला. या पेटीच्या भांड्याला तेल काढायचा नटच नाही, त्यामुळे एका कोपऱ्याचे बोल्ट सैल करून तेल बादलीत घ्यावं लागतं. अर्धं बादलीत, अर्धं कोपरापर्यंत. आतला नट आणि शाफ्टची पिन काढून शाफ्ट बाहेर सरकवला. त्यावर गंजाची बारीक खरखर होती, ती पॉलिशपेपरने घालवली. जुनं सील काढलं तर ते बिस्किटासारखं तुटलं. नव्याच्या ओठाला तेल लावून, मापाचा सॉकेट वर धरून, हलक्या ठोक्यांनी सरळ बसवलं. किंमत पाच डॉलरच्या आत. शेजारच्या विजेच्या जोडणीची रबरी ओ-रिंगही बदलली, हात तिथवर पोचलाच होता म्हणून. मग माझ्याच प्रतापाचं निस्तरणं. जास्त आवळल्यामुळे भांड्याची कड प्रत्येक बोल्टपाशी खड्ड्यासारखी वाकली होती. ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट केली. नवं गॅस्केट, नवा फिल्टर, आणि या वेळी टॉर्क रेंचने बारा फूट-पौंड, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत. बारा म्हणजे फार नाही, मनगटाचा जोर. पण तो सगळीकडे सारखा हवा.

एवढी उस्तवार एका डागापायी कशाला, असं मुलाने फोनवर विचारलं. "बाबा, विकून टाका ना." त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो. ज्या बाजूला तेल ठिबकत होतं, त्याच बाजूने एग्झॉस्टचा तापलेला पाइप जातो. तेलाचा ओघळ त्यावर गेला, तर आधी धूर आणि मग आग. कॉर्वेटचं अंग पत्र्याचं नाही, फायबरग्लासचं आहे, ते पेट घेतं. ही गाडी जमिनीपासून वीतभर उंच. तिच्यातून मला उतरायला आता दहा सेकंद लागतात, आणि हिला, खुब्यात धातू घेऊन, मिनिटभर. तो मिनिट मला मोजता येत होता. म्हणून 'बहुतेक थांबली असेल' असं गळतीच्या बाबतीत म्हणायची माझी तयारी नव्हती.

पुठ्ठा बदलत राहिलो. तीन दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस. कोरा. मग नियम केला, की दर रविवारी गाडी अर्धा तास फिरवायची. पहिल्या रविवारी मी एकटाच निघालो तर ही काठी घेऊन दारात उभी. "मला बसायला-उतरायला शिकायचंय. ऑगस्टात सगळ्यांसमोर फजिती नको." जूनभर आम्ही दोघं ड्राइव्हवेत बसणं-उतरणं शिकत होतो. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल, देव जाणे.

१७ ऑगस्टला आम्ही वुडवर्डवर होतो. दोन तास मुंगीच्या पावलांनी. एवढा वेळ रांगेत म्हणजे पेटीच्या तापण्याची परीक्षाच, पण कुठे वास नाही, धूर नाही. ही काच खाली करून फुटपाथवरच्या पोरांना हात दाखवत होती.

रात्री गाडी गॅरेजात लावून सवयीने पुठ्ठा सरकवला. सकाळी पाहिलं, तर पुढच्या अंगाला रुपयाएवढा ओला डाग. छातीत धस्स झालं. गुडघे टेकून त्यावर पांढरा रुमाल दाबला आणि उजेडात धरला.

रंगच नव्हता. हिला उकडतं म्हणून दिवसभर एअरकंडिशनर लावला होता ना!