लाल दिव्यापासून लेअरपर्यंत

नागपुरात उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना फोटोग्राफी शिकवायला लागलो, तेव्हा तास डार्करूममध्ये व्हायचा. लाल दिवा, एन्लार्जर, हायपोचा वास. मे महिन्यात नळाचं पाणीच इतकं तापलेलं असे की डेव्हलपरच्या ट्रेखाली बर्फ ठेवावा लागे. चेहरा काळवंडू नये म्हणून एन्लार्जरच्या प्रकाशात क्षणभर हात आडवा धरायचा. फोटोशॉपमधलं डॉज टूल याच हाताचं काम करतं, हे आजही मी पहिल्याच तासाला सांगतो.

2001 मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम आला आणि पोरांचा हात माऊसवर बसू लागला. 2002 च्या फोटोशॉप 7 मध्ये हीलिंग ब्रश आला. मुरूम, डाग, सुरकुत्या क्षणात गायब! लग्नसराईत अल्बम करून देणाऱ्यांना अशी पोरं हवीच होती. शिकता शिकता हाती पैसे येऊ लागले. त्या कमाईचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण गिऱ्हाईक म्हणायचं, ‘नवरीला थोडं गोरं करा,’ आणि कर्व्हची रेघ वर जायची. सावळ्या मुलीचा स्वतःच्याच लग्नाच्या अल्बममधला चेहरा परका दिसावा, याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. त्वचेचा रंग हा दोष नाही, तो दुरुस्त करायचा नसतो. वर्गात हे टूल्सच्याही आधी सांगायला हवं.

नजर घडवणारा माझा आवडता धडा दीक्षाभूमीचा. भर दुपारी त्या शुभ्र स्तूपाचा फोटो काढला की घुमट पांढराफटक पडतो आणि हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटतो. मग स्लायडर कितीही ओढा, जळालेला तपशील परत येत नाही. तोच फोटो सकाळी काढून आणला की दगडाचे सांधेसुद्धा दिसतात. एडिटिंगची सुरुवात कॅमेऱ्यापासून होते, हे मुलांना इथे पटतं.

पुढे 2013 पासून अडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांसाठी वर्गणी सक्तीची केली. ती न परवडणाऱ्यांसाठी गिम्प होतंच. 1995 मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, आजही मोफत. टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर आला, स्नॅपसीड अ‍ॅपवर भागलं.

2023 मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल आलं. आता चार शब्द लिहिले की रिकाम्या मैदानात तलाव उभा राहतो. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, तर केवढा वाद झाला होता! जाहिरातीत तलाव खुशाल घाला. बातमीच्या फोटोत नको.

शिक्षकमित्रांना एक विनंती. सबमिशन घेताना तयार चित्रासोबत मूळ फाइलही मागा. काय बदललं आणि का, हे दोन ओळींत लिहून घ्या, आणि त्या दोन ओळींनाही गुण द्या.