काठी नको, आधी नीट बघा!

वीकएण्डला ईश्वरपूरला घरी गेलात, परसात लांबलचक साप दिसला, की अख्खी गल्ली काठ्या घेऊन हजर! आणि बळी जाते बहुतेकदा बिचारी धामण. वाळवा तालुका म्हणजे उसाचा पट्टा. ऊस आला की उंदीर आले, उंदरांमागे धामण आली. सात-आठ फूट वाढते, पण बिनविषारी. फणा नाही, डोळे मोठे. गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणतात, ती निव्वळ थाप!

टेन्शन घ्यायचं ते चौघांचं : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सर्पदंशाची लस या चौघांच्याही विषावर चालते. म्हणून दंश झाला तर चिरा देणं, दोरी आवळणं, मांत्रिक गाठणं सगळं बाद. चावलेला हात-पाय हलवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

शेजारचं बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध. तिथे नागाला हात जोडायचे आणि घरी धामण ठेचायची, हे कसलं लॉजिक? १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तर तो गुन्हाच. तेव्हा दोन पावलं मागे या आणि सर्पमित्राला फोन लावा. उंदरांचा बंदोबस्त फुकटात करणारी दुसरी सर्व्हिस गावात नाही!