भात सोडल्यावर होणारा मलावरोध

भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यांत पूर्वजांनीं बांधलेल्या तलावांच्या पाण्यावर येथें पिढ्यान् पिढ्या धान पिकत आलें, आणि ताटांत भात नसेल तर जेवण झालें असें येथील माणसास वाटत नाहीं. परंतु मधुमेह व स्थूलता हे विकार आतां खेड्यांतही शिरले असून, भात, पोळी व साखर हे पिष्टमय पदार्थ कमी करा, असा सल्ला अनेक वडीलधाऱ्या माणसांस मिळत आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनीं मांडलेला व पुढें डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं गांवोगांवीं पोहोंचविलेला ‘दिवसांतून दोनदांच जेवावें’ हा विचारही बहुतेकांच्या कानीं आलेला आहे. कित्येक जण त्याच्या जोडीला भातही जवळजवळ बंद करतात.

पुढें काय होतें ? पहिल्या आठ-पंधरा दिवसांत वजन थोडें उतरतें खरें, पण शौचास खडा होऊं लागतो व पोट जड राहतें. मग कोणी कंटाळून पथ्यच मोडतो, तर कोणी रोज रात्रीं रेचक घेऊं लागतो. हे दोन्ही मार्ग टाळतां येण्यासारखे आहेत, आणि ते कसे टाळावेत हें सांगण्यासाठींच आम्हीं हा लेख लिहिला आहे.

भातानेंच पोट साफ होत होतें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती तपासून पाहूं. मलास आकार व मऊपणा देणारा अन्नांतील न पचणारा तंतुमय भाग, ज्यास आपण चोथा म्हणतों, तो पांढऱ्या तांदुळांत फारच थोडा असतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम सडलेल्या तांदुळांत तो सुमारें २.८ ग्रॅम, तर गव्हाच्या कणकेंत ११ ग्रॅमांहून अधिक आहे. म्हणजे रोज ३०० ग्रॅम तांदूळ शिजवून खाणाऱ्यासही त्यांतून जेमतेम साडेआठ ग्रॅम चोथा मिळतो. गरज तर दिवसाला सुमारें ३० ग्रॅमांची आहे. पोळी व भाकरी सोडणाऱ्याचें नुकसान याहून मोठें असतें.

मग भात गेल्यानें नेमकें जातें काय ? पहिली गोष्ट म्हणजे पाणी. शिजलेल्या भाताचा सुमारें दोन-तृतीयांश भाग पाणीच असतो. दिवसाकाठीं अर्धा किलो भात खाणाऱ्यास तीनशें ग्रॅमांहून अधिक पाणी न पितांच मिळत असतें. दुसरी गोष्ट म्हणजे भाताच्या सोबतीचे पदार्थ. वरण, आंबट सार, पातळ भाजी हीं सारीं भातावर ओतून खाण्याचीं. भात उठला कीं तींही ताटांतून मुकाट्यानें उठतात.

तिसरें कारण शरीराच्या आंत घडतें. पिष्टमय अन्नापासून झालेली साखर यकृतांत व स्नायूंत सांठविली जाते, आणि त्या सांठ्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी राहतें. पिष्ट कमी होतांच हा सांठा खर्चीं पडून तें पाणी लघवीवाटे निघून जातें. याच वेळीं रक्तांतील इन्शुलिन उतरल्यामुळें मूत्रपिंडें मीठही अधिक बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यांत उतरणारें वजन पुष्कळसें या पाण्याचेंच असतें. शरीरास पाण्याची टंचाई भासली म्हणजे मोठें आंतडें मलांतील ओलावा अधिक शोषून घेतें, व मल सुकून घट्ट होतो.

चोथ्याचें महत्त्व दाखविणारें एक उदाहरण विद्यार्थ्यांस मौजेचें वाटेल. युगांडांत शस्त्रवैद्य म्हणून काम केलेले डेनिस बर्किट व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ सालीं निरनिराळ्या लोकांच्या मलाचें वजन प्रसिद्ध केलें. इंग्लंडांतील निवासी शाळेच्या मुलांचा मल दिवसाला सुमारें ११० ग्रॅम भरला व अन्नास बाहेर पडावयास तीन दिवसांहून अधिक लागले. चोथ्यानें भरलेलें अन्न खाणाऱ्या युगांडाच्या खेडुतांचा मल सुमारें ४७० ग्रॅम होता व त्यास दीड दिवस पुरला.

आतां उपाय. भातासोबत जें गेलें तें भाताशिवाय परत आणावें. मेथी, चवळई, अंबाडी, शेवग्याचा पाला, दोडका, भेंडी, गवार यांची भाजी दोन्ही वेळां भरपूर घ्यावी. आपल्या विदर्भांतील जवसाची चटणी तर येथें औषधासारखी उपयोगी पडते. भाजून कुटलेल्या २० ग्रॅम जवसांत सुमारें ५ ग्रॅम चोथा असतो. दोनशें ग्रॅम मेथी, एवढें जवस, एक मध्यम पेरू व वाटीभर वरण यांतून सुमारें २६ ग्रॅम चोथा मिळतो. मात्र हें प्रमाण हळूहळू वाढवावें, नाहीं तर पोट फुगतें. वरण व सार वाटीनें प्यावें. पाणी दिवसभर थोडथोडें घ्यावें, उन्हाळ्यांत विशेष. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर ताकांत चिमूटभर मीठ घालण्यास हरकत नाहीं.

एवढ्यानें न भागल्यास इसबगोल घ्यावें, पण पेलाभर पाण्याबरोबरच. कोरडें घेतल्यास तें घशांत अडकतें. सकाळीं कांहीं खाल्ल्यावर आंतड्यांस आपोआप चालना मिळते. ती वेळ साधावी व वेग दाबूं नये. रोज अर्धा तास चालावें. सोनामुखी किंवा एरंडेल यांसारखीं रेचकें वैद्याच्या सल्ल्यावांचून रोज घेऊं नयेत.

कांहीं इशारे देणें आमचें कर्तव्य आहे. मधुमेहासाठीं इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्याखेरीज भात सोडूं नये. औषध तेंच राहिलें तर रक्तांतील साखर धोकादायक रीतीनें उतरूं शकते. आपल्या पूर्व विदर्भांत सिकलसेलचा विकार पुष्कळ घरांत आहे. त्या रोग्यांस शरीरांतील पाणी कमी होणें फार बाधतें, म्हणून त्यांनीं हा प्रयोग आपल्या मनानें मुळींच करूं नये. वाढत्या वयाच्या मुलामुलींनींही वडिलांचें पाहून जेवण तोडूं नये. शौचावाटे रक्त, सतत वांति, पोट फुगून वारा न सरणें, अकारण वजन घटणें, अथवा तीन आठवड्यांनंतरही न हटणारा मलावरोध, यांपैकीं कांहींही दिसल्यास घरगुती उपाय थांबवून दवाखाना गांठावा.

घरांत कोणी भाताचें पथ्य करीत असेल, तर मुलांस एक काम सहज करतां येईल : त्यांच्या ताटाशेजारीं पाण्याचा तांब्या व भाजीची दुसरी वाटी न चुकतां ठेवावी, आणि संध्याकाळीं त्यांना सोबत घेऊन तलावाच्या पाळीपर्यंत फिरून यावें.