डोंगरातल्या ओढ्यात कोळंबी कुठून आली?

पोर्तो रिकोच्या एल युंके जंगलात फिरायला गेलात, तर धबधब्याचा फोटो काढून लगेच मागे फिरू नका. एखाद्या डोहाच्या काठावर पाच मिनिटं शांत बसा. दगडांच्या फटींतून कोळंब्या बाहेर येताना दिसतील. समुद्रापासून इतक्या उंचावर, डोंगरातल्या ओढ्यात त्या आल्या कशा?

ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्या, पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना तळवासी अपृष्ठवंशीय म्हणतात. कीटकांच्या अळ्या, गोगलगायी, खेकडे, कोळंब्या ही सगळी त्यातलीच मंडळी. जंगलातल्या ओढ्यावर दाट सावली असते, त्यामुळे पाण्यात शेवाळ फार वाढत नाही. मग इथलं मुख्य अन्न म्हणजे वरून पडणारा पालापाचोळा. थंड प्रदेशात ही पानं कुरतडण्याचं काम बरेचसे कीटक करतात. पोर्तो रिकोच्या ओढ्यांत ते मुख्यतः कोळंब्यांकडे आहे.

त्यांच्यातही कामाची वाटणी आहे. झिफोकॅरिस ही कोळंबी पानं फाडते. त्याचे बारीक कण प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि आट्या ही दुसरी कोळंबी आपल्या नांग्यांवरच्या केसाळ पंख्यांनी ते गाळून खाते. तिसरी, मॅक्रोब्रॅकियम, शिकारी आहे. म्हणून विविधता मोजताना नुसत्या जाती मोजून भागत नाही. कोण काय काम करतं, हेही पाहावं लागतं.

हे काम किती महत्त्वाचं आहे? कॅथरीन प्रिंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओढ्याच्या तळाच्या छोट्या तुकड्यांभोवती सौम्य विजेचं कुंपण घालून कोळंब्यांना बाहेर ठेवलं. तिथल्या दगडांवर गाळाचा थर साचत गेला. कोळंब्या होत्या तिथे दगड स्वच्छ राहिले.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. या कोळंब्या ओढ्यातच अंडी वाहतात, पण पिल्लांना वाढायला खारं पाणी लागतं. अंड्यांतून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर खाडीपर्यंत वाहत जातात, तिथे काही आठवडे वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध चढत डोंगरात परत येतात. म्हणजे ओढ्याचं जंगल कितीही जपलं, तरी खालची वाट बंद झाली तर उपयोग नाही. ज्या मोठ्या धरणांवरून पाणी सांडत नाही, त्यांच्या वरच्या भागातून या कोळंब्या नाहीशा झाल्या आहेत.

छोटा बंधाराही निरुपद्रवी नसतो. एस्पिरितू सांतो नदीवर पिण्याचं पाणी उचललं जातं तिथे झालेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. खाली वाहत जाणाऱ्या पिल्लांपैकी सरासरी 42 टक्के पिल्लं त्या पाण्याबरोबर ओढली जाऊन मरत होती. पण उपायही त्याच अभ्यासात मिळाला. पिल्लं प्रामुख्याने रात्रीच्या सुरुवातीला वाहतात. तेवढे तीन ते पाच तास पाणी उचलणं थांबवलं, तर बरीच पिल्लं वाचतील. पाणीपुरवठा बंद करायची गरज नाही, फक्त वेळ पाळायची.

कोकणातल्यांना यात ओळखीचं काही सापडेल. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिल्लंही खाडीच्या मचूळ पाण्यातच वाढतात. तेव्हा गावच्या नदीवर बंधारा बांधायची चर्चा निघाली, तर एक प्रश्न नक्की विचारा: खालून वर येणाऱ्यांसाठी वाट ठेवली आहे का?