डबा तसाच परत गेला

कंधारच्या आमच्या एका नातेवाइकांचा मुलगा दहावीनंतर नीटच्या तयारीसाठी लातूरला गेला. ट्यूशन एरियात दोघांत एक खोली, मेसचा डबा, दिवसभर क्लास आणि रात्री अभ्यासिका. मोबाइलवर चार-पाच ग्रुप आणि इन्स्टाग्रामवर कितीतरी फॉलोअर्स होते. पावसाळ्यात तो तापाने फणफणला. रूम पार्टनर गावी गेलेला. नेट चालत नाही म्हणून त्याने घरचा कॉल टाळला आणि तीन दिवस अम्मीला एकच मेसेज पाठवला, "ठीक हूँ अम्मी, पढाई चल रही." ग्रुपवरच्या विनोदांना हसरे चेहरेही टाकत राहिला. तो आजारी आहे हे सर्वांत आधी कळले ते डबा पोचवणाऱ्या मुलाला, कारण सकाळचा डबा संध्याकाळी तसाच भरलेला परत मिळत होता. दुसऱ्या दिवशीही तेच झाले, तेव्हा त्याने दार ढकलून आत पाहिले आणि त्याला दवाखान्यात नेले.

ही हकिकत ऐकल्यापासून आम्ही मोबाइलला नुसती दूषणे देणे सोडून दिले आहे. दोष यंत्राचा थोडा आहेच. पण त्या मुलाच्या ओळखीच्या एवढ्या माणसांत दार ढकलून आत येईल असा एकही नव्हता, याचा विचार आपण पालकांनी करायला हवा. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेल्या 'लातूर पॅटर्न'मुळे मराठवाड्यातली किती तरी गरीब घरे वर आली, हे आम्ही मानतो. नांदेडलाही आता क्लासेसची तशीच गर्दी आहे. पण या शर्यतीत मुलाला पाठवताना आम्ही त्याला काय सांगतो? "दोस्ती-यारीत पडू नको, अभ्यास कर." मुलगा आज्ञाधारक असला तर ऐकतो, आणि एकटा पडतो.

हिजरतनंतर मदिनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडून दिले, हे आपण सर्व जाणतो. त्यात हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) हे एकमेकांचे भाऊ ठरले. सहीह बुखारीत त्यांचा प्रसंग आहे. सलमान (रजि.) एकदा भावाच्या घरी गेले, तर पत्नीचे कपडे साधे, चेहरा उदास. चौकशी केली तेव्हा कळले की अबू दरदा (रजि.) दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत इतके बुडाले आहेत की घराकडे लक्षच नाही. सलमान (रजि.) यांनी त्यांना आग्रहाने आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि पहाटे उठवून दोघांनी मिळून नमाज अदा केली. तुमच्यावर अल्लाहचा हक्क आहे तसा तुमच्या देहाचा आणि घरच्यांचाही आहे, असे समजावले. प्रेषितांपर्यंत (स.) गोष्ट गेली, तेव्हा सलमान खरे बोलले, असेच ते म्हणाले.

सलमान (रजि.) यांना हे सारे कळले कशामुळे? ते घरी गेले म्हणून. दुरून निरोप पाठवला असता तर सर्व ठीक आहे, असेच उत्तर आले असते.

आता आमच्या घरांकडे पाहू. मुलाचे दोस्त घरी आलेले आम्हाला चालतात का? खरे सांगायचे तर नाही. घर दोन खोल्यांचे, घरात मुली, वर कोणाचा मुलगा कसा असेल ही भीती. म्हणून दोस्त दाराबाहेरच थांबतो आणि हाक मारून निघून जातो. मग मुले देगलूर नाक्यावर हॉटेलसमोर उभी राहतात आणि आम्ही तक्रार करतो की ती बाहेर उभी राहतात. चांगला सोबती कस्तुरी विकणाऱ्यासारखा आणि वाईट सोबती लोहाराच्या भात्यासारखा, ही हदीस आपण मुलांना ऐकवतो. पण मुलाचा सोबती या दोहोंपैकी कोण आहे, हे ओळखायला तो एकदा तरी आपल्या दस्तरखानावर बसायला नको का? तो क्लासमधला हिंदू मित्र असला तरी बसावा. लातूरच्या एका खोलीत वर्षभर राहणाऱ्या मुलांना हे आम्ही शिकवण्याची गरज नसते, अडचण आमचीच असते.

मुलींचे वेगळे सांगायला हवे. मुलगा निदान मस्जिदीत, मैदानावर चार जणांना भेटतो. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचे जाणे-येणे आम्हीच कमी करतो. मग फोन हेच तिचे अंगण होते. ते काढून घ्यायचे आणि वर विचारायचे, ही बोलत का नाही? अनोळखी माणूस गोड बोलून शिरतो तो याच पोकळीत. आम्ही आमच्या नांदेडच्या घरी वर्षभरापासून एक करून पाहतो आहोत. महिन्यातून दोन रविवारी मुलीच्या मैत्रिणी दुपारी घरी येतात. त्यांच्या अम्मींशी आधी बोलणे होते, आणणे-पोचवणे ठरते, अब्बांनी तेवढा वेळ बाहेर ओट्यावर बसायचे. (उन्हाळ्यात हा त्यागच होता.) पहिल्या रविवारी चौघी चार फोन घेऊन बसल्या आणि भज्यांची रील काढली. आम्ही गप्प राहिलो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मेंदीचे कोन आले, मग भांडण आले. दोघींनी एकमेकींना ब्लॉक केले. तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये आणि जो आधी सलाम करील तो श्रेष्ठ, ही हदीस तेव्हा कामी आली. फोनवर ब्लॉक वर्षभर टिकला असता. समोरासमोर तो पुढच्या रविवारी चहा होईपर्यंत टिकला.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुले अभ्यास करतात, मोठी माणसे गप्पा मारतात. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या सोशल मीडिया खात्यांवर कायद्यानेच बंदी आणली. कायद्याने खाते बंद होते, दोस्त मात्र त्याने मिळत नाही. म्हणून आम्हाला वडगावचा मार्ग जवळचा वाटतो. आपल्याकडे तर वेगळ्या भोंग्याचीही गरज नाही. मगरिबची अजान होते, आणि तिथून इशापर्यंत सव्वा-दीड तास मिळतो. एवढा वेळ घरातल्या सर्वांचे फोन एका ताटात ठेवता येतात. सर्वांचे म्हणजे अब्बांचाही. आमच्याकडे या अटीवर सर्वांत जास्त कुरकुर कोणी केली, ते लिहीत नाही.

तो कंधारचा मुलगा आता बरा आहे. ईदला त्याने त्या डबेवाल्या मुलाला घरी बोलावले होते. शीरखुर्मा पिऊन दोघे किल्ल्याच्या खंदकाकडे गेले, ते अस्रची नमाज झाल्यावरच परतले. मधल्या वेळेत अम्मी दारात येरझारा घालत होत्या, कारण फोन करून विचारायची सोय नव्हती. दोघांचेही फोन घरातच चार्जिंगला लावलेले होते.